जेरेमी ब्रेट : काही टिपणं

टीव्हीवर शेरलॉक होम्स झालेल्या या नटाचं ब्रेट हे खरं आडनाव नव्हे. जन्म ३ नोव्हेंबर १९३३, वॉरिकशायरमधलं बर्क्सवेल. नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. वडील लष्करातले. मुलगा नटाचा धंदा करणार हे कळल्यावर त्यांनी बजावलं, आपल्या घराण्याचं नाव तिथे लावायचं नाही. मुलानं आपल्या सुटाच्या आत शिवलेलं लेबल पाहिलं आणि त्यावरचं नाव उचललं. पुढे जगानं त्याला त्याच नावानं ओळखलं.

*

या मुलाला लहानपणी ‘र’ म्हणता येत नव्हता. म्हणजे जेरेमी हे स्वतःचं नावसुद्धा अडखळायचं. तरुणपणी जिभेची शस्त्रक्रिया झाली आणि मग वर्षानुवर्षं उच्चारांचा रियाज. डिस्लेक्सियामुळे वाचनही कष्टाचं होतं. होम्सच्या तोंडची ती लांबलचक, धारदार, एका दमातली वाक्यं ऐकताना मला हे दर वेळी आठवतं. ती वाणी जन्मजात मिळालेली नव्हती, कमावलेली होती.

*

१९५६च्या ‘वॉर अँड पीस’मध्ये तो ऑड्री हेपबर्नचा भाऊ होता. १९६४च्या ‘माय फेअर लेडी’त तिच्या घराबाहेरच्या रस्त्यावर घुटमळत गाणारा फ्रेडी. त्या गाण्यात चेहरा ब्रेटचा, गळा बिल शर्लीचा. मग ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये काही वर्षं. काम चांगलं, दिसणं त्याहून चांगलं. पण देखण्या तरुणाच्या पलीकडे त्याला कुणी फारसं पाहत नव्हतं. हे पन्नाशीपर्यंत चाललं.

*

होम्सच्या आधी तो वॉटसन होता! १९८० साली लॉस एंजेलिसच्या रंगभूमीवर चार्ल्टन हेस्टन होम्स आणि ब्रेट वॉटसन. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. होम्सच्या शेजारची खुर्ची त्यानं आधी उबवली होती. त्या माणसावर माया करणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याचा होम्स वॉटसनला कधी गबाळा ठरवत नाही. आधी डेव्हिड बर्क, मग एडवर्ड हार्डविक. दोन्ही वॉटसन शहाणे, सभ्य, भरवशाचे.

*

ग्रॅनडा टेलिव्हिजन, मँचेस्टर. १९८४ ते १९९४, होम्सच्या मालिकेचे एकेचाळीस भाग. लंडनची बेकर स्ट्रीट मँचेस्टरमध्ये उभी केली होती. निर्माता मायकेल कॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मूळ कथांमधून ७७ पानांची एक फाइल तयार केली होती: होम्सच्या सवयी, कपडे, तंबाखू, खोलीतलं सामान. ब्रेट मूळ कथांचं पुस्तक घेऊनच सेटवर यायचा. संहितेत मूळ लेखक डॉइलचं वाक्य विनाकारण बदललेलं दिसलं की भांडायचा. सिडनी पॅजेटनं स्ट्रँड मासिकासाठी काढलेली चित्रं काही प्रसंगांत जशीच्या तशी उभी राहतात. भालबा केळकरांच्या मराठीतून होम्स भेटलेल्या वाचकालाही ही माणसं पाहिल्याबरोबर ओळखू येतात.

*

काल रात्री एक भाग आवाज बंद करून पाहिला, फक्त हात पाहायला. अशील बोलत असतं तेव्हा बोटांची टोकं जुळलेली, डोळे मिटलेले. हवा तो तपशील ऐकू आला की एक हात अचानक हवेत उडतो आणि तिथेच थांबतो. मग क्षणभर ओठांच्या कोपऱ्यात हसू चमकतं आणि विझतं. शब्दांशिवायही कळतं की या माणसाला विचार करताना सुख होतं आहे. आणि विचार संपल्यावर काय होत असेल, याची भीतीही वाटते.

*

कागदावर नसलेलंही त्यानं मनाशी रचलं. होम्सचं बालपण, क्वचित दिसणारी आई, कडक इस्त्रीतली दाई. डॉइलनं यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. पण थंड दिसणारा माणूस थंड का झाला, हे नटाला माहीत असावं लागतं.

*

१९८५च्या जुलैमध्ये त्याची पत्नी जोन विल्सन कर्करोगानं गेली. त्यानंतरच्या वर्षी तो कोसळला. उन्माद आणि नैराश्याचा आजार असल्याचं निदान झालं. लिथियम सुरू झालं, शरीरात पाणी साठू लागलं, चेहरा सुजला. सोळाव्या वर्षीच्या संधिवाती तापानं हृदय आधीच दुबळं केलेलं. शेवटच्या भागांत तो सडपातळ होम्स उरलेला नाही, श्वासही पुरत नाही. ते भाग कमी प्रतीचे म्हणून बाजूला सारणारे भेटतात. मी ते मुद्दाम पाहतो. परकायाप्रवेश हा शब्द आपण नटांबद्दल सहज वापरतो. इथे त्याची किंमत दिसते.

*

‘द डेव्हिल्स फूट’, १९८८. कॉर्नवॉलचा समुद्रकिनारा. होम्स कोकेनची सुई वाळूत पुरून टाकतो. मूळ कथेत हे नाही. मालिका लहान मुलंही पाहतात म्हणून ब्रेटला ते हवं होतं, आणि डॉइलच्या मुलीनं त्याला संमती दिली. अक्षराअक्षरासाठी भांडणाऱ्या माणसानं हा बदल मागून घेतला. त्याच भागात विषारी धुरातून वॉटसन त्याला ओढत बाहेर काढतो, आणि भानावर येताना होम्स ओरडतो, ‘जॉन!’ सगळं आयुष्य आडनावानं हाक मारलेल्या मित्राला, फक्त एकदा, नावानं.

*

१२ सप्टेंबर १९९५ला तो लंडनमध्ये गेला. वय ६१. त्याच वर्षी, हृदय थकलेलं असताना, त्यानं रेडिओवरून आपल्यासारख्याच मनोरुग्णांच्या संस्थेसाठी मदतीचं आवाहन केलं होतं. त्या काळात या आजाराबद्दल लोक घरातही दबक्या आवाजात बोलत. त्यानं तो साऱ्या देशाला सांगितला, कमावलेल्या त्याच स्वच्छ उच्चारांत.