मोडलेलें अनेकवचन

बोलीस व्याकरण नसतें, ही समजूत आमच्या सुशिक्षितांत अजून बरीच रूढ आहे. खेड्यांतून आलेला विद्यार्थी आपल्या बोलींत उत्तर देऊं लागला कीं वर्गांत हंशा पिकतो. अध्यापनाच्या इतक्या वर्षांत तो हंशा आम्हीं अनेकदां ऐकला आहे. हंसणारांनीं कैरो शहराच्या रस्त्यावर चालणारी अरबी बोली, आणि तिच्यांतलेंही केवळ अनेकवचन, एकवार पाहावें.

आपण 'घोडा' याचें 'घोडे' करतों तेव्हां शब्दाचें शेपूट तेवढें बदलतें. अरबींत पुष्कळ नामांचें अंतरंगच पालटतें. 'किताब' म्हणजे पुस्तक, 'कुतुब' म्हणजे पुस्तकें. क्, त्, ब् जागच्या जागीं, स्वर मात्र नवे. अरब वैयाकरण यास 'मोडलेलें' अनेकवचन म्हणतात. तें आपल्याही घरांत आहे. फारशीच्या वाटेनें आलेले 'अहवाल', 'असबाब', 'उमराव', 'औलाद' हे शब्द मुळांत हाल, सबब, अमीर, वलद यांचीं अनेकवचनें होत. आपण मात्र बिनदिक्कत 'एक अहवाल' म्हणतों, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं.

कैरोचा रहिवासी परक्या शब्दांसही हाच संस्कार करतो. 'बँक' याचें 'बुनूक', 'फिल्म' याचें 'अफ्लाम'. 'तिलिफोन', 'ओतोबीस' असा लांबलचक पाहुणा आला तर त्यास न मोडतां शेवटीं 'आत' जोडावयाचें : 'तिलिफोनात', 'ओतोबीसात'. कोणता शब्द मोडेल व कोणता मोडणार नाहीं, हें निरक्षर फेरीवाल्यासही कळतें. हें व्याकरण नव्हे तर काय?

बोलीनें कांहीं टाकलें आहे, हें खरें. ग्रंथांतील अरबींत 'मुदर्रिस' म्हणजे शिक्षक. त्याचें अनेकवचन कर्ता असतां 'मुदर्रिसून', एरवीं 'मुदर्रिसीन'. कैरोनें दुसरें तेवढें ठेविलें. पण द्विवचन तिनें नामांपुरतें जपलें : 'योम' दिवस, 'योमेन' दोन दिवस. संस्कृत द्विवचनानें रडकुंडीस आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस मराठीनें तें केव्हांच सोडल्याचें समाधान वाटत असेल. आम्हांस किंचित् हळहळच वाटते.

सर्वांत मौज अंड्यांची. 'बेद' म्हणजे अंडीं ही जिन्नस, 'बेदा' एक अंडें, मोजून तीन-चार घेतलीं कीं 'बेदात'. 'यंदा आंबा चांगला आला' असें म्हणून मग डझनभर 'आंबे' घेणारास हा भेद सहज उमगेल. मोजणीचा नियम मात्र आपणांस चक्रावणारा आहे : ३ ते १० पर्यंत अनेकवचन, ११ पासून पुढें पुनः एकवचन. 'तलत कुतुब' म्हणजे तीन पुस्तकें, पण 'हिदाशर किताब' म्हणजे अकरा पुस्तक!

विल्हेल्म स्पिट्टा या जर्मन पंडितानें १८८० सालीं या बोलीचें व्याकरण ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्यापूर्वींही ती नियमानेंच चालत होती. तिचा एक लाडका प्रत्यय तर धंदेवाल्यांचा आहे. कपड्यांस इस्त्री करणारा 'मकवगी', असे अनेक जमले कीं 'मकवगिय्या'. 'हरामी' ही आपल्याकडे शिवी. तेथें तो साधा चोर, आणि चोरांची टोळी 'हरामिय्या'. इस्त्रीवाला व चोर असे एकाच प्रत्ययाच्या पंगतीस बसतात, आणि कैरोंत त्याचें कोणास हंसूं येत नाहीं.