उभ्या गाडीचे ऑइल

गोंदिया हा धानाचा जिल्हा. आमच्या कुडव्याच्या आसपास ज्यांच्या दारात जुना ट्रक आहे, त्यांच्या गाडीला वर्षातून दोनदाच खरे काम असते. दिवाळीच्या सुमारास खरिपाची मळणी सुरू झाली की दोन-अडीच महिने, आणि मे-जूनमध्ये उन्हाळी धानाची मळणी झाली की काही आठवडे. शेतातून खरेदी केंद्रावर, केंद्रावरून राईस मिलवर, एवढाच तिचा फेरा. उरलेले महिने गाडी कडुलिंबाखाली उभी असते. उभ्या गाडीला काय होणार, चाललीच नाही तर झिजणार कशी, असे बहुतेक घरांत समजतात. हा समज किती महागात पडू शकतो ते आम्हाला यंदा नीट कळले, म्हणून हे चार शब्द.

आम्ही दोघी जावा. आमच्या अंगणात उभी असलेली टाटा ४०७ ही अब्बाजींची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची. घरातले दोघे पुरुष आपापल्या नोकरी-दुकानात असतात. गाडीवर हंगामापुरता ड्रायव्हर ठेवतो. हिशेबाची वही मात्र आमच्याकडे. दोन हंगामांच्या भाड्यातून मुलांच्या फिया भरल्या जातात आणि अम्मींच्या औषधांचा खर्च निघतो. ट्रक आठ वर्षांचा झाला की दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि आमची गाडी तर वीस वर्षांच्या पुढची. त्यामुळे दरवर्षी घरात एकच प्रश्न निघतो: ठेवायची की भंगारात द्यायची?

यंदा मिस्त्रींनी गाडी पाहून स्पष्टच सांगितले, "इंजिनात अजून दम आहे, पण ऑइलकडे लक्ष दिले नाही तर दोन वर्षांत बांधावे लागेल." इंजिन बांधायचे म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग. एका हंगामाची कमाई त्यातच जाते. तेवढा खर्च या वयाच्या गाडीवर कुणी करणार नाही. म्हणजे ऑइल कोणते घालायचे या प्रश्नावर गाडी घरात राहणार की जाणार हे ठरणार होते.

अब्बाजींचे मत ठरलेले होते. लहान वयात ते ज्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, ती टाटा-मर्सिडीज होती. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून भारतात ट्रक बांधायला सुरुवात केली आणि १९६९ पर्यंत ती भागीदारी चालली. त्या काळातली ती गाडी. त्या दिवसांत ऑइल म्हणजे "चाळीस नंबर", दाट, मधासारखे. अब्बाजी आजही म्हणतात, "जुन्या इंजिनाला घट्ट ऑइलच हवे. पातळ टाकले की धूर मारणार, ऑइल खाणार." चाळीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या माणसाला आम्ही काय सांगणार?

दुकानात गेलो तर तिथे तीन डबे समोर आले. एक स्वस्तातला जुन्या दर्जाचा. दुसरा मधल्या किमतीचा, त्यावर १५ डब्ल्यू-४० आणि सीआय-४ प्लस असे लिहिलेले. तिसरा पूर्ण सिंथेटिक, दुसऱ्यापेक्षा बराच महाग. दुकानदार म्हणाले, "जुनी गाडी आहे, जपायची आहे, तर सगळ्यात महागाचे न्या." घरी अब्बाजी सगळ्यात घट्ट म्हणत होते, दुकानदार सगळ्यात महाग. मग आम्ही मिस्त्रींना आणि वस्तीतल्या एका निवृत्त डिझेल मेकॅनिकना एकेक गोष्ट विचारून समजून घेतली.

आधी आकडे. १५ डब्ल्यू-४० मधला "डब्ल्यू" म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती लवकर वाहते ते सांगतो. तो जितका लहान तितके लवकर. नंतरचा ४० हा इंजिन तापल्यावर, शंभर अंशांवर, ऑइल किती दाट राहते त्याचा. म्हणजे इंजिन तापल्यावर १५ डब्ल्यू-४० आणि अब्बाजींचे चाळीस नंबर एकाच दर्जाचे. फरक फक्त थंडपणी पडतो. आणि गाडी महिनाभर उभी राहिली की ऑइल वरच्या भागांवरून ओघळून चेंबरमध्ये उतरते. सेल्फ मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत ते पुन्हा बेअरिंगपर्यंत पोचायचे असते. जेवढा उशीर, तेवढी झीज. रोज चालणाऱ्या गाडीला हा प्रश्न फारसा नसतो. उभ्या गाडीला प्रत्येक वेळी असतो.

हे अब्बाजींना पटवायचे कसे? मिस्त्रींनीच युक्ती सांगितली. पौषाच्या थंडीत दोन बाटल्यांत दोन ऑइले भरून रात्रभर ओट्यावर ठेवली. फजरची नमाज पढून अब्बाजी बाहेर आले तेव्हा दोन्ही बाटल्या त्यांच्या हातात दिल्या आणि आडव्या करायला सांगितल्या. एकातले ऑइल सरळ वाहत तोंडापाशी आले, दुसऱ्यातले रेंगाळत राहिले. अब्बाजी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आमच्या वेळी गाडी थंड व्हायलाच मिळत नव्हती." आम्हाला यातच सगळे उत्तर मिळाले. त्यांचे चाळीस नंबर त्यांच्या काळात चुकीचे नव्हते. त्यांची गाडी दिवसरात्र रायपूर-नागपूर धावत होती. आता तीच गाडी घट्ट ऑइलावर महिनोन्‌महिने उभी ठेवायची, हे मात्र वेगळे.

दुसरी गोष्ट दर्जाची. डब्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेचा दर्जा लिहिलेला असतो. "सी"ने सुरू होणारी अक्षरे डिझेल इंजिनासाठी, "एस"ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. सीएफ-४ हा दर्जा १९९० च्या सुमाराचा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा आणि सीके-४ २०१६ चा. सीके-४ मुख्यतः धुराड्यात काजळीची गाळणी असलेल्या नव्या गाड्यांसाठी आले. आमच्या गाडीला ती गाळणीच नाही. सीआय-४ प्लसमध्ये काजळी धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्ये भरपूर असतात. जुन्या, काजळी करणाऱ्या इंजिनाला तेच हवे.

सिंथेटिक वाईट नाही. ते थंडीत फार सहज वाहते आणि उष्णतेत लवकर बिघडत नाही. पण त्याचा मोठा फायदा लांब पल्ल्याला आणि बर्फाच्या मुलखात. आमच्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे आठ-दहा अंश; तिथे १५ डब्ल्यू पुरेसे आहे. शिवाय उभ्या गाडीचे ऑइल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बिघडते. महागाचे घालून तीन वर्षे ठेवण्यापेक्षा मधल्या किमतीचे दरवर्षी बदलणे कधीही बरे. मग आम्ही नावाजलेल्या कंपनीचे १५ डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस घेतले. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल अशा कोणत्याही कंपनीचे चालते. डबा अस्सल असावा, सील शाबूत असावे आणि पक्के बिल घ्यावे.

महिन्यांवर बिघडते म्हणजे काय? एक लिटर डिझेल जळले की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगले तापले तर ती उडून जाते. तापले नाही तर ऑइलात मिसळते, जळलेल्या डिझेलच्या अंशांबरोबर आम्ल तयार होते आणि ते बेअरिंगला आतून खात बसते. वर आपल्याकडचा चार महिन्यांचा दमट पावसाळा.

म्हणूनच "दर आठवड्याला पाच मिनिटे जागेवर चालू करून ठेवतो" ही काळजी गाडीच्या मुळावर येते. जागेवर चालणारे डिझेल इंजिन नीट तापतच नाही. प्रत्येक वेळी थोडे पाणी तेवढे आत जाते. आमच्याकडेही शेजारची मुले हौसेने गाडी चालू करून भुर्र भुर्र करायची. ते आता बंद केले आहे. त्याऐवजी ड्रायव्हर महिन्यातून एकदा-दोनदा येतो आणि तिरोड्याच्या रस्त्याला पाऊण तास गाडी फिरवून आणतो. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापले असे नाही. ऑइलाला त्याहून वेळ लागतो. डिझेलचा थोडा खर्च होतो, पण बॅटरी, ब्रेक आणि टायर यांचेही त्यात भले होते.

बदलण्याची वेळही महत्त्वाची. पूर्वी आमच्याकडे हंगाम सुरू होताना ऑइल बदलत, म्हणजे कामाला ताजे. ऐकायला बरोबर वाटते. पण त्यामुळे काजळी आणि आम्लाने भरलेले ऑइल घेऊन गाडी पावसाळाभर उभी राहायची. आता उन्हाळी धानाची शेवटची खेप टाकून आली की त्याच दिवशी, इंजिन गरम असतानाच, चेंबरचा नट उघडतो. गरम ऑइलाबरोबर गाळही निघतो. फिल्टर त्याच वेळी नवा. यंदा ऑइलाचा प्रकार बदलला म्हणून मिस्त्रींनी पहिल्यांदा लवकर, सहा महिन्यांतच बदलायला सांगितले. नवे ऑइल जुना साचलेला मळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो.

घरातल्या कुणालाही करता येईल अशी तपासणीही आम्ही शिकलो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक ओढायची, पुसायची, पुन्हा घालून ओढायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरणेही वाईट. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेलमध्ये नवे ऑइलही लवकर काळे होते, म्हणजे ते काजळी धरून ठेवण्याचे काम करते आहे. पण ते दुधाळ, ताकासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. न भरता पातळी वाढली किंवा डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळते आहे. अशा वेळी सेल्फला हात न लावता मिस्त्रीला बोलवावे. महिनाभर उभ्या असलेल्या आमच्या गाडीला ड्रायव्हर आधी स्टॉपची दोरी ओढून धरतो, पाच-सात सेकंद सेल्फ फिरवतो आणि मगच चालू करतो. तेवढ्यात ऑइल वरपर्यंत पोचते.

जुन्या गाडीचा धूर लपवायला विकण्याआधी फार घट्ट ऑइल भरण्याची एक चालही बाजारात आहे. गिऱ्हाइकाला चार दिवस गाडी ठणठणीत वाटते. घरात विक्रीचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी हे सुचवलेही. अब्बाजींनी एका वाक्यात मिटवले: "विकली तर धुरासकट विकू." घट्ट ऑइलाचे कट्टर भक्त असूनही.

शेवटी काढलेल्या ऑइलाबद्दल, कारण हे काम बहुधा घरातल्या बायकांच्या वाट्याला येते. कुणी ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासते, कुणी नालीत ओतते. आपला गोंदिया-भंडारा भाग माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे मामा तलावांचा. नालीत गेलेले काळे ऑइल आज ना उद्या तलावात किंवा विहिरीत पोचते. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेल्या ऑइलाचाही समावेश आहे. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवे. आम्ही ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या संकलनात देतो. हे ऑइल कातडीलाही चांगले नाही. हातात पिशवी घालावी, नंतर साबणाने धुवावे, मुलांना दूर ठेवावे. आणि नव्या ऑइलाचा रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडावे, म्हणजे त्यात कुणी नकली ऑइल भरून विकणार नाही.

गाडी आणखी किती वर्षे चालेल ते अल्लाहला ठाऊक. यंदाचा खरीप तिने पार पाडला आणि फिटनेसही झाले. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही आता तीन रकाने आखले आहेत: ऑइल बदलल्याची तारीख, फेरफटक्याची तारीख आणि डिपस्टिकवरची पातळी. अब्बाजींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितो. दर महिन्याला ते वही मागतात आणि फेरफटक्याचा रकाना रिकामा दिसला तर ड्रायव्हरला स्वतःच फोन लावतात.