विमान, कॅमेरा आणि लाडवांचा डबा

नाजूक वस्तू घेऊन विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाची अवस्था वधूपित्यासारखी असते. सर्व काही दुसऱ्याच्या हाती आणि काळजी मात्र आपल्या जिवाला! हा अनुभव आम्ही २०२३ च्या फेब्रुवारीत घेतला.

निमित्त होते रायपूरच्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. तिचे लग्न १९६४ साली इंदुरात आमच्याच वाड्यात झाले. त्या वेळी तिची छायाचित्रे आमच्या वडिलांनी आपल्या रोलिकॉर्ड कॅमेऱ्याने काढली होती. हा कॅमेरा म्हणजे जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे तयार होणाऱ्या रोलिफ्लेक्सचे कमी किमतीचे धाकटे भावंड. वडील गेल्यापासून तो कपाटात होता. आत्याने फोनवर निक्षून सांगितले, "दादाचा कॅमेरा आण हं! त्या मोबाइलपुढे मला हसताच येत नाही." तिच्या दादाच्या कॅमेऱ्यापुढे तिला एकदा पुन्हा बसावयाचे होते. मग नाही कसे म्हणणार?

वस्तुतः आगगाडीने गेलो असतो तर हा लेख लिहावाच लागला नसता. परंतु सौभाग्यवतीच्या गुडघ्यांनी विमानाच्या बाजूने कौल दिला. हातसामानाची मर्यादा ७ किलोंची. तिने कॅमेरा जुन्या नऊवारीच्या घडीत गुंडाळून पिशवीत ठेवला आणि उरलेल्या जागेत डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा बसविला. आम्ही पाहिले, पण बोललो नाही.

फिल्मची रिळे मात्र आम्ही पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवली होती. क्ष-किरणांनी फिल्मवर धुके चढते. आमच्याजवळची फिल्म ४०० वेगाची होती. हातसामान तपासणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रातून ती एक-दोनदा गेली तरी सहसा बिघडत नाही. ८०० किंवा त्याहून वेगवान फिल्मची मात्र शाश्वती नसते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेट्या तपासणारी यंत्रे आणि नवी सीटी पद्धतीची यंत्रे तर कोणत्याही फिल्मला घातकच. म्हणून रिळे हातानेच तपासावीत अशी विनंती आम्ही केली व ती मान्यही झाली. तरुण जवानाने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "अंकल, इसमें फोटो दिखता किधर है?" आम्ही म्हणालो, "घर जाकर, बेटा, आठ दिन बाद!" तो मनापासून हसला.

येथवर सारे सुरळीत होते. संकट उभे होते ते विमानाच्या शिडीपाशी. विमान पंख्यांचे, लहान. डोक्यावरील कप्पे अरुंद. शिडीखालच्या कर्मचाऱ्याने आमच्या पिशवीला चिठ्ठी बांधली आणि ती खाली ठेवण्यास सांगितले. "आत पॉवर बँक आहे का?" हेही त्याने विचारले. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या कक्षात नेण्यास मनाई असते, कारण तेथे त्या पेटल्या तर विझविण्यास कोणी नसते. आम्ही तत्परतेने पॉवर बँक काढून खिशात घातली. कॅमेराही तसाच काढून गळ्यात अडकविता आला असता. परंतु मागे रांग खोळंबलेली, लोक घड्याळे पाहू लागलेले. आम्हांला भीड पडली. हजार रुपयांची पॉवर बँक आम्ही सांभाळली आणि वडिलांचा कॅमेरा पिशवीत तसाच राहू दिला! भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नव्हे.

रायपूरला पिशवी उघडली. लाडू सगळे शाबूत होते. डब्याच्या काठाने मात्र कॅमेऱ्याची वरची टोपी चेपली होती. आतील आरसा तडकला होता आणि दुधी काचेचे तुकडे झाले होते. आम्ही तक्रार नोंदविली. नाजूक वस्तूंची हमी आम्ही घेत नाही, हे उत्तर नियमावलीत आधीच छापलेले होते. पण आम्ही कोणत्या तोंडाने भांडणार? पिशवी कोणी आपटली असेलही, परंतु आतला डबा तर आमच्याच घरचा होता. सौभाग्यवती दोन तास एक शब्द बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. आत्याला काय सांगावयाचे, हाच प्रश्न दोघांपुढे होता.

रात्री कॅमेरा हातात घेऊन बसलो असता वडिलांचा धडा आठवला. या कॅमेऱ्याला डोळे दोन: वरचा पाहण्याचा, खालचा टिपण्याचा. आरसा आणि दुधी काच ही वरच्या डोळ्याची. खालचे भिंग स्वच्छ होते आणि शटर खट्‌ करून उघडत होते. कॅमेरा आंधळा झाला होता, पण त्याची स्मृती शाबूत होती!

दुसऱ्या दिवशी अंगणात आत्याला खुर्चीवर बसविले. सौभाग्यवतीने शिवणकामाच्या टेपने कॅमेऱ्यापासून आत्याच्या नाकापर्यंतचे अंतर मोजले. ते अडीच मीटर भरले. बाजूच्या चकतीवर तेवढाच आकडा लावला, अंतरातील थोडीफार चूक खपावी म्हणून छिद्र लहान ठेवले आणि टोपीच्या उघड्या चौकटीतून नेम धरला. नाकापर्यंत टेप आलेली पाहून आत्या जी हसली, ती थांबेचना. "दादाही असाच मोजायचा रे!" ती म्हणाली. हे आम्हांला ठाऊक नव्हते.

परतीचा प्रवास आगगाडीने केला, कॅमेरा मांडीवर घेऊन. फिल्म घरी न्हाणीघरातच धुतली. बारांपैकी नऊ छायाचित्रे स्पष्ट आली. १९६४ च्या नववधूशेजारी आता एक्याऐंशी वर्षांची आत्या भिंतीवर हसते आहे.

वाचकहो, विमानाने कॅमेरा नेणार असाल तर तो अंगावर बाळगा, पिशवी मागितली तरी तो काढून घ्या, आणि मागे रांग कितीही मोठी असली तरी भीड धरू नका. आणि लाडू? ते वेगळ्या पिशवीत न्या.