उजनीच्या पाण्यातील बोटुकली

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने भिगवण गाठले म्हणजे डाव्या हातास एकाएकी पाण्याचा असा विस्तार दिसू लागतो, की नवख्या माणसास हा देश दुष्काळी म्हणून प्रसिद्ध आहे हे खरे वाटू नये. मोरोपंतांच्या बारामतीहून हे स्थळ 25-30 किलोमीटरांपलीकडे नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण इंदापूर तालुक्यात येतात ते नीरा-नृसिंहपुरास. नीरा-भीमेच्या संगमावर स्नान करावे, नृसिंहाचे दर्शन घ्यावे व परतावे, हा त्यांचा परिपाठ. अलीकडे हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन कुंभारगावच्या काठावर रोहित पक्षी पाहावयास जाणाराही वर्ग वाढला आहे. आम्हीही त्याच निमित्ताने गेलो; परंतु संस्कृतात ‘रोहित’ हे एका माशाचेही नाव आहे, आणि आमचे लक्ष पक्ष्यावरून माशाकडे गेले ते तेथून हललेच नाही.

शाकाहारी घरातील निवृत्त शिक्षकास माशांची ही उठाठेव कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच, की जे आपल्या पानात पडत नाही त्याविषयी आपण अजाण असावे असा काही शास्त्रार्थ नाही. शिवाय येथील माशांची कथा ही मुळात जमिनीची व माणसांची कथा आहे.

भीमेवरील उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. त्याची एकंदर साठवण सुमारे 117 अब्ज घनफूट असून तीपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. या पाण्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड या बाजूंची अनेक गावे, मळे व देवळे गेली. जुन्या पळसदेव गावचे पळसनाथाचे प्राचीन देऊळ त्यांपैकीच एक. पाणी ओसरू लागले की त्याचे शिखर वर येते, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात तर गाभाऱ्यापर्यंत पायी जाता येते. उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात. पावसाळा आला की तेच शेत पुनः जलचरांचे होते.

भीमेस स्वतःचे मासे नव्हते असे मात्र नाही. कर्नल साइक्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून त्यांचे वर्णन 1838 साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडले. त्याने केलेली एक गोष्ट आम्हांस फार आवडली. कित्येक माशांना त्याने येथील लोकांच्या तोंडचीच नावे लॅटिनचा पेहराव चढवून दिली. खुद्री, कोळस, बोगट, फुलुंगी, शिंगटी हे आमच्या मावळ-देशावरील शब्द आज जगाच्या प्राणिशास्त्रात कायम झाले आहेत. हे मासे वाहत्या पाण्याचे. नदी अडली, पाणी स्थिरावले, तेव्हा त्यांपैकी कित्येकांचे बस्तान उठले. आणि जो नवा सागर निर्माण झाला त्यात माणसाने आपल्या हाताने दुसरे मासे आणून सोडले.

हे पाहुणे म्हणजे कटला, रोहू व मृगळ. तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. वर्ष-दीड वर्षात चांगले पोसतात, बाजारात त्यांना मोल येते. परंतु त्यांची एक अडचण आहे. ते साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. पूर्वी त्यांचे बीज बंगालकडील नद्यांतून धरून आणावे लागे. ओरिसात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी माशाच्या मस्तकातील एका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लाविले, तेव्हापासून देशभर तळ्यांत व धरणांत बीज सोडणे सुलभ झाले. त्या बीजाच्या अवस्थांना आपल्याकडे सुरेख नावे आहेत: प्रथम जिऱ्याएवढे ते मत्स्यजिरे, आणि वाढून बोटाएवढे झाले म्हणजे बोटुकली. बोटुकली झाल्यावरच ते मोठ्या पाण्यात सोडावयाचे. त्यापूर्वी सोडल्यास इतर मासे त्याचा फडशा पाडतात.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत मिनेसोटा प्रांतात कायूना म्हणून लोखंडाच्या जुन्या खाणींचा प्रदेश आहे. खाणी बंद पडल्या, खड्डे निर्मळ थंड पाण्याने भरले, आणि आता त्यांत ट्राउट जातीचे मासे सोडतात व हौशी लोक ते गळाने धरतात. आपल्या झारखंडातही रामगडकडे पाण्याने भरलेल्या कोळशाच्या खाणींत पिंजरे टाकून मासे वाढविले जातात. ट्राउटास मात्र आपले पाणी मानवणारे नाही. त्यास हिमालयाचा किंवा निलगिरीचा गारवा हवा. काश्मिरात इंग्रजांनी 1900 च्या सुमारास त्याची अंडी विलायतेहून आणून तो वसविला. भिगवणच्या वैशाखात तो एक दिवसही तगणार नाही. तरीपण खाणीतील ट्राउट आणि उजनीतील कटला यांचे नशीब एकच आहे. ट्राउटासही अंडी घालावयास वाहता ओढा व त्यातील खडी लागते; ती खाणीच्या खड्ड्यात कोठून मिळणार? माणसाने सोडले तर ते आहेत, न सोडले तर नाहीत. नदी आपली कोठी आपणच भरीत असे. या पाण्याची कोठी मनुष्याने भरावयाची आहे.

येथे उजनीच्या दुखण्याचे मूळ आहे. भिगवणच्या मासळीबाजारात आम्ही सकाळी जाऊन उभे राहिलो. लिलाव चालला होता. मोठे कटले थोडे. ढीग होते ते चिलापीचे. हा मासा आफ्रिकेकडील. त्याची एक जात 1952 साली आपल्या देशात आणिली गेली. त्यास पुराची गरज नाही. साठल्या पाण्यात तो वर्षातून अनेकदा वितो, आणि त्याची मादी अंडी-पिले तोंडात धरून राखते. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे गंगेच्या पाहुण्यांचा टिकाव लागणे कठीणच. परंतु एका कोपऱ्यात बोटाएवढ्या माशांच्या पाट्या दिसल्या, त्यांचा दोष चिलापीवर घालता येईना. बारीक भोकांचे मोठे जाळे ओढून लहानथोर सर्व मासळी एकदम काढण्याची एक रीत आहे, तिला तेथे वडाप म्हणतात. त्यास मनाई आहे, तरी ते चालते.

जवळच एक वृद्ध भोई जाळे नीट करीत बसले होते. आम्ही विचारले, “बाबा, एवढी लहान मासळी कशास धरतात?” ते म्हणाले, “गुरुजी, बोटुकली म्हंजी आमचं पेरणीचं बी. ह्यांनी बीच भाजून खाल्लं, आता उगवायचं काय?”

“मग तुम्ही अडवीत का नाही?”

“अडवतो की. पर रातीचं कुणाकुणाला अडवायचं? आन पोट त्यालाबी हाय.”

या शेवटच्या वाक्याने आम्ही निरुत्तर झालो. हाताची जाळी मोठ्या भोकांची ठेवून जो भोई लहान मासा जाऊ देतो, त्याच्या संयमाचे फळ दुसऱ्या रात्री वडापवाला घेऊन जातो. आणि मग पुढल्या वर्षी संयमी मनुष्यही विचारू लागतो, की आपणच का थांबावे? ज्या पाण्यासाठी गावेच्या गावे उठली, ते अशा रीतीने रिते झाले तर गावकऱ्यांच्या त्या त्यागाचे मोल निम्मे राहील.

आमच्या प्राचीनांनी हा प्रश्न ओळखला होता असे वाटते. शतपथब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो व म्हणतो, आम्ही लहान आहोत तोवर मोठे मासे आम्हांस गिळतात, म्हणून मला वाढव. मनू त्यास आधी घड्यात, मग खणलेल्या खड्ड्यात ठेवितो, व पुरता वाढल्यावर समुद्रात सोडतो. आजच्या मत्स्यबीज-केंद्राचा क्रम याहून निराळा नाही. प्रलयाच्या वेळी त्याच माशाने मनूची नौका तारली. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचिला, त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या पस्तीसेक जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि मग गळाने धरण्याची कला, असा त्याचा विषय. धरण्याच्या गोष्टीबरोबर पोसण्याची गोष्टही राजाने सांगितली आहे, ही ध्यानात घेण्याजोगी बाब होय.

तेव्हा उजनीस केवळ अधिक बीज सोडा एवढे म्हणून भागणार नाही. बीज सोडणे हे सरकारचे व सहकारी संस्थांचे काम. ते बोटुकलीच्या आकाराचे असावे, आणि सोडल्यावर त्याची राखण व्हावी. राखण करावयाची तर रात्री पाण्यावर जाणाऱ्या भोयास आधार हवा, आणि वडापवाल्याच्या पोटाचीही दुसरी काही सोय पाहिली पाहिजे. मासळी खाणाऱ्या घरांनीही लहान मासळी विकत घेण्याचे नाकारिले, तर बाजाराचा पाश आपोआप सैल होईल.

रोहित पक्षी पाहावयास जाणाऱ्या आमच्या वाचकांस एवढीच विनंती, की होडीत बसण्यापूर्वी सकाळी घटकाभर भिगवणच्या बाजारातही जावे. वास नाकास रुचणार नाही. पण मुलांना पाट्यांतील माशांची लांबी पाहावयास सांगावी. बोटाएवढे मासे किती व हातभर किती, एवढे मोजले म्हणजे त्या अथांग पाण्याचे पुढे काय होणार हे त्यांना आपोआप समजेल.