हाताशी येणारी भिंत

वेल हा मोठा परावलंबी जीव. त्याला स्वतःचा कणा नाही. मांडव, कुंपण, शेजारचा शेवगा, जे सापडेल त्याला तो मिठी मारतो. आज शहरात मिठी मारण्याजोगे सर्वांत उंच काही असेल तर ती माणसांची घरे. तेव्हा इमारतीच्या अंगावरच भाजीपाला पिकवावा, असे स्थापत्यविशारदांना वाटू लागले यात नवल नाही.

उभ्या भिंतीवर झाडे लावण्याच्या रचनेचे पेटंट अमेरिकेत स्टॅन्ली हार्ट व्हाइट या प्राध्यापकाने १९३८ सालीच घेतले होते. २०१४ साली इटलीतील मिलान शहरी स्तेफानो बोएरी यांनी रचलेले ‘बॉस्को व्हर्टिकाले’, म्हणजे उभे अरण्य, पुरे झाले. दोन मनोरे आणि त्यांच्या सज्जांतून सुमारे ८०० झाडे! छायाचित्र पाहूनच डोळे निवतात. परंतु त्या झाडांची छाटणी करतात ते दोरावर लोंबकळणारे माळी; राहणाऱ्याने फक्त पाहायचे. चीनमधील चेंगडू येथे २०१८ साली अशाच आठ इमारती झाल्या. त्यांत माणसे फारशी राहायलाच आली नाहीत. झाडे मोकाट वाढली आणि २०२० साली बातमी झाली ती डासांची.

या सर्व मंडळींपेक्षा भोंडल्याच्या गाण्यातली सासू मला अधिक दूरदर्शी वाटते. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते आणि सासू तिला कारल्याचे बी पेरायला लावते. मग कोंब, वेल, फूल, कारले, भाजी असे एकेक काम पुढे काढते. आपण तिला खाष्ट ठरवून मोकळे झालो. पण बी पेरल्यापासून पानात भाजी पडेपर्यंत काय काय करावे लागते, याची यादीच तिने देऊन ठेवली आहे!

आमच्या चौदाव्या मजल्यावर ही यादी माझ्या आईने दोन पावसाळे निभावली. रंगाच्या रिकाम्या बादलीत तिने कारले लावले. वेल कठड्यावरून खाली उतरला आणि पहिले कारले लोंबले ते थेट तेराव्या मजल्यासमोर. “हाताला येत नाही, ती भाजी शेजाऱ्याची,” असा निवाडा आईने दिला. संध्याकाळी खालच्या बाई वाटीभर भाजी घेऊन वर आल्या. चार वर्षांत त्या प्रथमच आमच्या घरी येत होत्या.

नंतर सोसायटीची नोटीस आली. इमारतीच्या दर्शनी भागास बाध आणणारी वनस्पती आठ दिवसांत काढावी. माझ्या कादंबरीतल्या नायकाने बंड केले असते. मी पडलो शाळामास्तर. वेल उतरला. आई काही बोलली नाही. पण पुढे कित्येक दिवस सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न तिच्या हातांना पडलेला दिसे.

सोसायटीचे सारेच म्हणणे खोटे नव्हते. भिजलेली माती भारी जड. मीटरभर लांब, फूटभर रुंद आणि तितक्याच खोल कुंडीत ती दीड क्विंटलच्या घरात भरते. हा भार मूळ आराखड्यातच धरलेला हवा. नारळाचा भुसा मिसळून तो हलका करता येतो. निचऱ्याला नळी हवी, नाहीतर खालच्या बिऱ्हाडाचे वाळत घातलेले कपडे आणि वरच्याचा उद्धार ठरलेला. उंचावर वारा दांडगा, म्हणून जाळी पक्की हवी. उन्हाचाही हिशेब आहे. मुंबईत हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला वाल-पावटा द्यावा. उत्तरेच्या भिंतीने अळू-मायाळूवर समाधान मानावे. कारल्याची नर आणि मादी फुले वेगवेगळी. इतक्या उंचावर मधमाशी फिरकली नाही, तर नरफूल खुडून मादीफुलाला लावायला माणूसच हवा.

आणि तो घरातलाच हवा. म्हणून मला वाटते, अशा भिंतीचे पहिले माप माणसाच्या हाताचे असावे. कुंडी कठड्याच्या आत, कमरेच्या उंचीला; जाळी हातभर अंतरावर; मागे चाळीतल्यासारखी उभे राहण्यापुरती गॅलरी. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या चाळीस मजली इमारतींत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. डब्यात तुळस लावणारे किती हात आता ढगांजवळ जाऊन बसणार आहेत!

भिंतीने इमारतीचे पोट भरेल, असे मी म्हणत नाही. आमच्या बादलीने काही बाजारची पिशवी सुटली नव्हती. पण आईला सकाळी सहाला उठण्याचे कारण होते, आणि खालच्या बाईंना वर येण्याचे.

सोसायटीच्या पुढल्या सभेत मी कुंडीचा आणि जाळीचा नकाशा मांडणार आहे. मापे आईच्या हाताची घेतली आहेत. तिने बिया राखेत घोळवून डबीत ठेवल्या आहेत. चुलीची राख आता कुठली, उदबत्तीचीच. सभेला अजून महिना आहे. ती मात्र रोज विचारते, “काय रे, झाला का मंजूर?”