चिपळुणांतील तीन दिवस

कऱ्हाडाहून चिपळुणास जाणारा रस्ता मला नवा नाहीं. पाटण मागें पडतें, कोयनेची सोबत लागते, आणि कोयनानगर आलें कीं १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या भूकंपाची आठवण गाडींतला एखादा वृद्ध प्रवासी हटकून काढतो. मग हेळवाक, आणि त्यापुढें कुंभार्ली घाटाचीं वळणें. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचें पाणी डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस आणलेलें आहे. पोफळीस तें वीज देतें आणि पुढें वाशिष्ठीस मिळतें. देशावरच्या नदीचें पाणी कोंकणांतल्या नदीच्या पात्रांत वाहतांना पाहिलें कीं मनुष्याच्या बुद्धीचें कौतुक वाटतें.

२०२३ सालच्या जानेवारींत मी याच वाटेनें गेलों, परंतु या खेपेस नुसत्या पाहुणचारासाठीं निघालों नव्हतों. भाच्याच्या अंगणांत एक जुनी जीपगाडी दीड वर्ष निकामी उभी होती. "दादा, तूं सांगितलंस तरच तो ती भंगारांत देईल," असें माझ्या बहिणीनें कळविलें होतें. कामगिरी सोपी आहे असें मला वाटलें.

२०२१ सालच्या २२ जुलैस वाशिष्ठीचा महापूर चिपळुणांत शिरला. बाजारपेठ बुडाली; लोक माडीवर आणि छपरांवर जाऊन बसले. भाच्याचें घर उंचावर, पण गाडी त्या रात्रीं खालच्या आळींत होती. पाणी चाकांच्या वर चढलें. ओसरल्यावर त्यानें इंजिन साफ करून गाडी चालूं केली, आणि चार दिवस आळीआळींतून पिण्याचें पाणी, शिधा व आजारी माणसें नेलीं. गिअरबॉक्समध्यें पाणी शिरलें असेल, तें तेल आधीं बदललें पाहिजे, हें पाहण्यास त्या दिवसांत उसंत कोणास होती? पांचव्या दिवशीं आंतून खरखर ऐकूं आली. पुढें गाडी बंद झाली ती झालीच. मागाहून एका कारखान्यांत गिअरबॉक्स उतरविला, तो उघडेना म्हणून पहारीनें उचकटूं गेले, आणि कडेचा एक टवका उडाला. त्या दिवसापासून तें धूड पोत्याखालीं झांकून पडवींत पडलें होतें.

मी विषय काढला तेव्हां भाचा एवढेंच म्हणाला, "मामा, उद्यां एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवतों. ते नाहीं म्हणाले तर देऊन टाकीन." मीं मान्य केलें.

गोवळकोटच्या रस्त्यावर या मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. जीपच्या चारहि चाकांस शक्ति मिळते. त्यासाठीं गिअरबॉक्सच्या पाठीस आणखी एक पेटी जोडलेली असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यांतून एक दांडा पुढच्या चाकांकडे व एक मागच्या चाकांकडे जातो. या दोन पेट्या एकमेकींपासून सुटत नव्हत्या, हीच मुख्य अडचण.

मिस्त्रींनीं प्रथम हातोडा घेतला नाहीं. निचऱ्याचें बूच काढलें. आधीं गढूळ पाणी आलें, मग ताकासारखें पांढरट तेल आणि शेवटीं गाळ. त्यांतल्या लोखंडाच्या कणांवर त्यांनीं लोहचुंबक फिरवला. नंतर मागच्या बाजूचें एक लहानसें गोल झांकण उघडून मला म्हणाले, "मास्तर, इकडे बघा. आंत हा नट आहे. हा काढल्याशिवाय दोन पेट्या वेगळ्या होतील कशा? बाहेरचे सगळे बोल्ट काढले, पण हा कुणी पाहिलाच नाहीं. पहार बिचारी काय करील?"

हे शब्द ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालों. वर्षानुवर्षें संस्कृत शिकवितांना मी मुलांस बजावीत आलों होतों, कीं समासाचा विग्रह करण्यापूर्वीं पदें कोठें जुळलीं आहेत तें आधीं शोधा. भलत्याच ठिकाणीं तोडाल तर अर्थाचे तुकडे होतील. तोच धडा येथें एक मनुष्य काळ्या हातांनीं देत होता.

नटाची खीळ गंजून मोडकी झाली होती. तिचे तुकडे चिमट्यानें काढले. नटावर रॉकेल व पातळ तेलाचें मिश्रण सोडून तो रात्रभर तसाच ठेवला. गंज हा मूळच्या लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून मुळांत सैल असलेलीं अंगेंहि गंजल्यावर एकमेकांस घट्ट धरतात. पातळ तेल त्या फटींत हळूहळू झिरपतें. दुसऱ्या दिवशीं तेल पुसून घेऊन नटास ज्योत दाखविली. एक मीटर लांबीचें पोलाद १०० अंशांनीं तापविलें तर तें सुमारें १.२ मिलीमीटर वाढतें. एवढ्याशा नटाची वाढ केसाहूनहि बारीक, पण गंजाची पकड सुटण्यास ती पुरते. "एरवीं शाफ्ट फिरूं नये म्हणून गिअर अडकवून ठेवावे लागतात," मिस्त्री हंसून म्हणाले, "इथं सगळंच जाम आहे, तेवढी मेहनत वांचली!" लांब दांड्याच्या पान्ह्यानें नट कुरकुरत सुटला.

मग शाफ्टच्या टोकावरील गिअर. त्यास पुलर लावून मधला स्क्रू ताठ केला, त्याच्या माथ्यावर एक ठोका मारला, आणि मिस्त्री हात पुसून उठले. गिअर जागचा हलला नव्हता. मीं विचारलें, "आणखी जोर लावीत नाहीं?" "आणखी जोर लावला तर दांत जाईल. ताण बसलाय, आतां रात्र काम करील."

त्या संध्याकाळीं भाच्यानें मला परशुरामाच्या दर्शनास नेलें. टेकडीवरून वाशिष्ठीचें पात्र शांत दिसत होतें. हीच नदी गांवावर चालून आली होती हें सांगूनहि खरें वाटलें नसतें. भाच्यानें खालच्या आळ्या बोटानें दाखविल्या. कोणत्या घरांतून कोणास उचलून आणलें, कोणत्या वळणावर गाडी चिखलांत रुतली आणि चारहि चाकें जोडल्यावर कशी बाहेर आली, हें तो सांगत राहिला. त्यानें गाडी कां दिली नाहीं, तें मला तेथें उमगलें. मीं भंगाराचा विषय पुन्हां काढला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पुलरचा स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरविला, तोंच "टण्" असा आवाज होऊन गिअर सुटला. दोन पेट्या अलग झाल्या. ट्रान्स्फर केसमधला मधला दांडा काढण्यापूर्वीं त्यास अडवणारी लहान पट्टी प्रथम काढली, आणि मग पितळेचा ठोकणा धरून तो मागच्या बाजूसच ठोकला. कठीण पोलादावर पोलादी हातोडा मारूं नये, कपची उडून डोळा जातो, हें मिस्त्रींनीं शागीर्दास माझ्यादेखत दोनदां बजावलें.

शेवटीं एक बेअरिंग शाफ्टला चिकटून राहिलें. त्याच्या गोळ्या जागच्या जागीं गंजल्या होत्या. तें तेलालाहि दाद देईना, आंचेलाहि देईना. तेव्हां मिस्त्रींनीं त्याची आंतली कडी ग्राइंडरनें जवळजवळ आरपार चिरली, मात्र शाफ्टला पातें लागूं दिलें नाहीं. मग छिन्नीचा एकच हलका ठोका, कडी तडकली. "बेअरिंग बाजारांत मिळतं, मास्तर. हा शाफ्ट आणि ही पेटी आतां मिळायची मुष्कील. म्हणून तोडायचं तर बेअरिंग." शाफ्ट पुसून त्यांनीं माझ्या हातांत दिला. त्यावर ओरखडाहि नव्हता.

दोन गिअरांचे दांत गेले होते, सगळीं बेअरिंगें व ऑईल सीलें नवीं लागणार होतीं, पेटीचा टवका भरून घ्यावयाचा होता. खर्चाचा आंकडा लहान नव्हता. निघण्यापूर्वीं माझ्या पेन्शनींतील कांहीं रक्कम मीं बहिणीच्या हातीं ठेवली. ती माझ्याकडे पाहातच राहिली, म्हणाली, "दादा, तूं तर विकायला सांगायला आला होतास!" काय उत्तर द्यावें हें मला सुचलें नाहीं.

मार्चमध्यें शिमग्याच्या दिवसांत भाच्याचा फोन आला. तो बोलला नाहीं. नुसता यंत्र कानाशीं धरून ठेवावें तसा आवाज येत राहिला. चढावर गिअर बदलल्याचा तो आवाज होता, मध्यें कोठेंहि न अडखळणारा.