विष्णुशास्त्र्यांचा जॉन्सन

रहिमतपूरच्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबांच्या पुस्तकांपैकी वाळवीने जी सोडली, ती तिच्यात ठेवलेली. बारावीची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत मी तिच्यातून 'निबंधमाले'चा एक जाड खंड खाली काढला. पुठ्ठा सुटलेला, सुरुवातीची पाने गळालेली. त्यामुळे आरंभापासून वाचण्याचा प्रश्नच नव्हता. जिथे उघडले तिथे डॉ. सॅम्युएल जॉन्सनचे चरित्र चालू होते. पुणे मी तोवर दोन-तीनदाच पाहिले होते, तेही मिरजेकडून येणाऱ्या गाडीने जाऊन. लंडन कुठले पाहणार? तरीही कमंडलू नदीकाठच्या ह्या गावात बसून अठराव्या शतकातल्या एका बेढब, रोगट, कर्जबाजारी इंग्रज पंडितावर माझा जीव जडला. तो जडवणारा माणूस विष्णुशास्त्री चिपळूणकर होता.

विष्णुशास्त्र्यांना आपण निबंधकार म्हणून शिकवतो, भाषाभिमानी म्हणून शिकवतो, 'केसरी'च्या संस्थापकांपैकी एक म्हणून शिकवतो. ते समीक्षक आणि चरित्रकार होते, हे मात्र अनेकदा टिपणातल्या एका ओळीत उरकते. वडिलांच्या 'शालापत्रका'त त्यांनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी ह्यांच्यावर लिहिलेले लेख मराठीतल्या ग्रंथसमीक्षेच्या पायाचे दगड आहेत. १८७४च्या जानेवारीत 'निबंधमाला' निघाली आणि १८८१पर्यंत तिचे ८४ अंक झाले. मासिक जवळजवळ एकहाती लिहिलेले. त्या मालेतला जॉन्सन हा परदेशी लेखकाचा नुसता परिचय नव्हे. एका लेखकाने आपल्या मनातला आदर्श लेखक त्यात शोधला आहे.

हा शोध घरातूनच सुरू झाला असावा, असे मला वाटते. जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर कृष्णशास्त्र्यांनी आरंभिले आणि ते विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केले. 'रासेलस' ही कथा जॉन्सनने १७५९मध्ये आईच्या अंत्यसंस्काराचा खर्च भागवण्यासाठी काही दिवसांत लिहून काढली होती. आईसाठी लिहिलेले ते पुस्तक मराठीत बापाच्या हातून मुलाच्या हाती आले. पुढे १८७९मध्ये विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि १८८०च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. कोशाला आश्रय देण्याचे सोंग करणाऱ्या लॉर्ड चेस्टरफील्डला १७५५मध्ये जॉन्सनने लिहिलेले पत्र ज्याने मन लावून वाचले आहे, त्याला त्या राजीनाम्याचे आश्चर्य वाटू नये.

मी मराठीचा अध्यापक झालो आणि अनेक वर्षे हा जॉन्सन त्याच प्रेमाने शिकवीत राहिलो. तो मनात कुठे सलतो, हे मला एका विद्यार्थिनीने दाखवले.

जॉन्सनच्या कवि-चरित्रांविषयी बोलत होतो. ही चरित्रे १७७९ ते १७८१ ह्या काळातली. मुलांना मिल्टनचे उदाहरण दिले. जॉन्सन कट्टर राजनिष्ठ, मिल्टन राजसत्तेचा वैरी. मिल्टनच्या राजकारणावर आणि घरातल्या वागण्यावर जॉन्सन कडाडून टीका करतो. त्याच्या एका प्रसिद्ध विलापिकेला तर मोडीतच काढतो. पण 'पॅराडाइज लॉस्ट'पाशी आल्यावर तोच टीकाकार मान लववतो आणि त्या महाकाव्याला मानवी प्रतिभेच्या निर्मितींत अगदी वरच्या पंक्तीला बसवतो. माणसाचे मत पटत नसतानाही त्याची कृती तोलता येते, ह्याचा हा धडा आहे, असे मी म्हणालो.

मुलगी खटाव तालुक्यातली होती. कटगुणच्या शेजारचे गाव. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव ते कटगुण. ती उभी राहून म्हणाली, "सर, मग 'गुलामगिरी'चं परीक्षण लिहिताना शास्त्रीबुवांना हा धडा का आठवला नाही?"

वर्गात मी काळाच्या मर्यादा वगैरे काहीतरी बोललो. उत्तर ते नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही.

'गुलामगिरी' १८७३ची, सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा. विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त फुल्यांवर जे लिहिले, ते मी त्या रात्री पुन्हा वाचले. व्याकरणाच्या चुका, शुद्धलेखन, लेखकाच्या विद्वत्तेची टर. वाक्ये धारदार आहेत. अठराव्या वर्षी मी ती वाचून हसलोही असेन. आता हसू आले नाही. 'गुलामगिरी' धोंडीबा आणि जोतीराव ह्यांच्या संवादाच्या रूपात आहे. बॉस्वेलने टिपून ठेवलेल्या जॉन्सनच्या संभाषणांचे मोल जाणणाऱ्या ह्या वाचकाला बोलण्यातली ताकद कळत नव्हती, असे कोण म्हणेल? पण आपल्या शेजारी, पुण्यातच, मराठीत चाललेले हे बोलणे त्यांनी ऐकले ते परीक्षकाच्या लाल शाईने. शिवाय फुले स्वतः चरित्रकार होते. शिवाजी महाराजांवरचा त्यांचा पवाडा १८६९चा. मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेणाऱ्या समीक्षकाला शिवाजीच्या ह्या शाहिरात वाचण्याजोगे काही सापडू नये, ह्याचे दुःख होते.

जॉन्सन ऑक्सफर्डला शिकत असताना त्याचे बूट फाटले होते. कुणी दयाळूपणे त्याच्या दाराशी नवे बूट ठेवले. त्याने ते संतापून भिरकावून दिले. ह्या प्रसंगात मानी माणूस दिसायला चरित्रकाराची नजर लागते. एरवी दिसतो तो उद्धट भिकारी. फुल्यांच्या भाषेतला राग हाही असाच भिरकावलेला बूट होता. विष्णुशास्त्र्यांना तिथे केवळ उद्धटपणा दिसला. नजर होती, पण ती दोनशे मैलांवरच्या नव्हे, दोन समुद्रांपलीकडच्या माणसासाठी राखून ठेवलेली. दूरच्या मोठेपणावर प्रेम करायला काही सोडावे लागत नाही. जवळच्या मोठेपणासाठी आपली जागा थोडी सोडावी लागते. जातीने दिलेली जागा तर फारच.

हे लिहिताना मला न्यायाधीश व्हायचे नाही. 'निबंधमाले'ने मला गद्य वाचायला शिकवले, ते ऋण मी नाकारू शकत नाही. पण तिचा जॉन्सन शिकवायचा आणि तिचे हे परीक्षण वगळायचे, ही माझी जुनी सोय आता संपली आहे. दोन्ही लेख एकाच लेखणीचे आहेत आणि ते एकाच तासाला शिकवले पाहिजेत.

जॉन्सनच्या आयुष्यातली एक गोष्ट मला अलीकडे वारंवार आठवते. त्याचे वडील पुस्तकविक्रेते. तरुणपणी एकदा युटॉक्सेटरच्या बाजारात त्यांच्या दुकानावर जायला त्याने ताठ्याने नकार दिला होता. सुमारे ५० वर्षांनी म्हातारा जॉन्सन त्या बाजारात गेला आणि दुकान असे त्या जागी, उघड्या डोक्याने, पावसात बराच वेळ उभा राहिला. पश्चात्तापाला एवढा अवधी त्याला मिळाला. तो ७५ वर्षे जगला. विष्णुशास्त्री १७ मार्च १८८२ रोजी गेले, तेव्हा ३२ वर्षांचेही पूर्ण नव्हते.

त्यांच्यामागे काही महिन्यांतच कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. त्या खटल्यात जामीन राहिले ते सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे. आणि सुटून आलेल्या ह्या दोन संपादकांच्या सत्कारात फुले पुढे होते. ज्यांची टर उडवली गेली, त्यांनी टर उडवणाऱ्याच्या सोबत्यांसाठी हे केले. हे पाहायला विष्णुशास्त्री असते, तर त्यांनी काय लिहिले असते, ते सांगता येत नाही. त्यांच्या वाचकांना मात्र कटगुण कुठे आहे, हे माहीत असायला हवे.

ती मुलगी आता स्वतः शिकवते. गेल्या खेपेस भेटली तेव्हा ट्रंकेतला तो खंड मी तिला दिला. म्हणाली, "बांधून घेते, सर. पानं गळाली आहेत ती दुसऱ्या प्रतीतून काढून घालते." मी म्हटले, फुल्यांवरचा लेख त्यात शाबूत आहे, तो आधी वाच. ती हसली. तो तिने केव्हाच वाचला होता. जॉन्सन वाचायचा राहिला होता.